गाडी इंजिन पळवतं, मग रेसरला एवढा घाम का फुटतो?

8 ऑक्टोबर 2023 ची रात्र. कतारच्या लुसेल सर्किटवर फॉर्म्युला वनची शर्यत सुरू होती. सूर्य मावळून बराच वेळ झाला होता, तरी पारा तिशीच्या वरच होता आणि हवा दमट. पंधराव्या लॅपच्या आसपास अल्पीन टीमच्या एस्टेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. तशाच अवस्थेत त्यानं उरलेली शर्यत पूर्ण केली. विल्यम्सच्या लोगन सार्जंटला डिहायड्रेशनमुळं गाडी अर्ध्यातून पिटमध्ये आणावी लागली. लान्स स्ट्रोलनं नंतर सांगितलं की वेगवान वळणांवर आपली शुद्ध हरपतेय असं वाटत होतं.

ही मंडळी म्हणजे जगातले सगळ्यात फिट ड्रायव्हर. त्यांच्या दिमतीला स्वतःचा ट्रेनर, फिजिओ आणि आहारतज्ज्ञ असतो.

आता यांच्या जागी हिंजवडीत दिवसाचे दहा तास खुर्चीत बसणारा, रविवारी भाड्याची गो-कार्ट फिरवणारा आणि "पुढच्या वर्षी खरी रेस मारायचीच" असं ठरवलेला एखादा तरुण आणा. तो पैसे साठवतो, हेल्मेट बघून ठेवतो, रेसिंग लाईनचे व्हिडिओ पाठ करतो, घरी सिम्युलेटर बसवतो. एका गोष्टीकडं मात्र त्याचं लक्ष जात नाही, ती म्हणजे स्वतःचं शरीर. कारण डोक्यात पक्कं बसलेलं असतं की गाडी चालवायला ताकद कशाला लागते, बसायचं आणि स्टीअरिंग फिरवायचं!

ज्यांनी एकदा तरी कार्टिंग केलंय त्यांना याचं उत्तर माहीत आहे. दहा मिनिटांची फेरी मारून बाहेर आलं की पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही. दुसऱ्या दिवशी मान वळत नाही आणि बरगड्यांना हात लावला तरी कळ येते. हे नेमकं कशामुळं होतं?

मानेवर रिकामं डोकं नसतं, भरलेली कळशी असते

गाडी वळणावर वळते, पण शरीराला सरळच जायचं असतं. ते खेचून धरण्यासाठी लागणाऱ्या जोराला रेसिंगच्या भाषेत 'जी' म्हणतात. एक जी म्हणजे आपल्या वजनाइतका जोर.

साधं गणित करून बघू. कार्ट ताशी 60 किलोमीटर वेगानं 15 मीटर त्रिज्येच्या वळणावर गेली तर बाजूला ओढणारा जोर भरतो साधारण 1.9 जी. माणसाचं डोकं जवळपास पाच किलोचं, वर दीड किलोचं हेल्मेट. म्हणजे साडेसहा किलोचं ओझं त्या क्षणी बारा किलोंसारखं बाहेर ओढलं जातं. बारा लिटर पाण्यानं भरलेली कळशी कुणीतरी कानाजवळ दोरीनं बांधून बाजूला खेचतंय असं समजा. हे एकदाच नाही. लॅपमध्ये दहा वळणं आणि शर्यतीत वीस लॅप असतील तर ही ओढाताण दोनशे वेळा होते. फॉर्म्युला वनमध्ये हाच आकडा पाच जीच्या पुढं जातो, म्हणून त्या ड्रायव्हरांच्या माना कानापासून थेट खांद्यापर्यंत सरळ उतरलेल्या दिसतात.

मान थकली की नुसतं दुखत नाही. डोकं वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलायला लागतं, हेल्मेट हलतं, नजर स्थिर राहत नाही. ब्रेक कुठं मारायचा ती खूण दिसायला क्षणभर उशीर होतो. ताशी 120 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात 33 मीटर जाते. म्हणजे फक्त 0.1 सेकंद उशीर झाला तर ब्रेक तीन मीटर पुढं लागतो. तेवढ्यात समोरच्या गाडीचं मागचं चाक येतं. शर्यतीच्या शेवटच्या लॅप्समध्ये ज्या चुका होतात, त्यांतल्या कितीतरी चुकांचं मूळ कौशल्यात नाही, थकव्यात असतं. आणि ट्रॅकवर चूक एकाची असली तरी त्याची किंमत शेजारून जाणाऱ्यालाही मोजावी लागते.

कार्ट छोटी असते, पण निर्दय असते

बरेच जण म्हणतात, मी काही फॉर्म्युला वनला जाणार नाही, कार्टिंगला एवढं काय लागतं? उलट शरीराच्या दृष्टीनं कार्ट बऱ्याच मोठ्या गाड्यांपेक्षा कडक. तिला सस्पेन्शन नसतं. ट्रॅकवरचा प्रत्येक उंचवटा थेट पाठीच्या कण्यात पोचतो. पॉवर स्टीअरिंग नसतं, त्यामुळं प्रत्येक वळण हातांच्या ताकदीवर घ्यावं लागतं. सीटबेल्ट नसतो, म्हणून शरीर सीटच्या कडेवर आपटत राहतं. नियमित कार्टिंग करणारे बरगड्यांचं संरक्षक जॅकेट घालतात ते यासाठीच. पहिल्या कमाईतून ग्लोव्हज घ्यावेत की हे जॅकेट, असा प्रश्न पडला तर आधी जॅकेट घ्यावं. बरगडी दुखावली की खोकतानाही डोळ्यांत पाणी येतं आणि कित्येक आठवडे ट्रॅक विसरावा लागतो.

कार्टिंगमधून पुढं गेल्यावर भारतात बहुतेकांची पहिली खरी शर्यत कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर नाहीतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर होते. कारीचा ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा, त्यामुळं वळणं एकामागून एक येतात आणि हातांना उसंत मिळत नाही. चेन्नईचा ट्रॅक पावणेचार किलोमीटरच्या आसपास. तिथं वेग वाढतो, ब्रेकिंग जोरदार होतं, आणि हवेबद्दल वेगळं सांगायला नको. सुरुवातीच्या फॉर्म्युला गाड्यांत ब्रेकला सहसा बूस्टर नसतो. आपल्या रोजच्या कारमध्ये ब्रेकवर पाय ठेवला तरी गाडी थांबते, इथं पायानं अक्षरशः लाथ मारल्यासारखा जोर लावावा लागतो, आणि तोही मोजून. म्हणजे लेग प्रेसच्या मशीनवर एका पायानं वजन ढकलायचं, पण थांबायचं नेमकं ठरलेल्या जागी.

टुरिंग कारवाल्यांना वाटतं आपल्याला छप्पर आहे, आपण सुटलो. तर रेस कारमधून वजन कमी करायला एसी काढलेला असतो. वर अंगावर आग न पकडणारा सूट, आत तसलेच लांब बाह्यांचे कपडे, डोक्यावर कापडी टोपडं आणि त्यावर हेल्मेट. मे महिन्यात बंद गाडीत स्वेटर घालून बसल्यावर काय होईल, ते होतं.

बसल्याबसल्या नाडी 160 वर कशी?

शर्यतीत ड्रायव्हरच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 150 ते 170 पर्यंत जातात आणि बराच वेळ तिथंच राहतात. पळताना पाय चालतात म्हणून ठोके वाढतात हे समजतं, पण इथं माणूस बसलेला आहे. मग काय होतं?

तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे भीती आणि उत्तेजना, म्हणजे ॲड्रिनलिन. दुसरी, स्नायू न हलवता ताणून धरणं. स्टीअरिंग घट्ट पकडलेलं, पोट आवळलेलं, मान ताठ. अशा ताणात स्नायूंतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. तिसरी गोष्ट उष्णता. शरीर थंड करायला रक्त त्वचेकडं पाठवावं लागतं, त्यामुळं स्नायूंसाठी आणि मेंदूसाठी हृदयाला आणखी पळावं लागतं.

वयाचा ढोबळ हिशेब लावला (220 वजा वय), तर 28 वर्षांच्या माणसाची कमाल नाडी साधारण 190 धरतात. त्याच्यासाठी 160 म्हणजे 84 टक्के. पण हौशी रेसिंगमध्ये चाळिशी ओलांडलेले बरेच असतात, कारण हातात पैसा तेव्हा येतो. 45 वर्षांच्या माणसाची कमाल नाडी याच हिशेबानं 175, म्हणजे 160 ला तो 90 टक्क्यांच्या पुढं गेला. वीस मिनिटं, बंद सूटमध्ये, उकाड्यात. म्हणून चाळिशीच्या पुढच्यांनी, आणि बीपी, शुगर किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्या कुणीही, ट्रॅक बुक करण्याआधी डॉक्टरांना "मी कार रेसिंग करणार आहे" असं स्पष्ट सांगून तपासणी करून घ्यावी. नुसतं "फिटनेस सर्टिफिकेट हवंय" म्हणाल तर तेवढंच मिळेल. देशातल्या अधिकृत शर्यतींसाठी 'एफएमएससीआय' या महासंघाचं स्पर्धा लायसन्स लागतं आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. ओळखीच्या डॉक्टरांकडून पाच मिनिटांत सही आणण्यात हुशारी वाटते खरी, पण फसवणूक स्वतःचीच होते.

हे फॉर्म्युला वनलाही उशिरा कळलं

1982 च्या ब्राझील ग्रांप्रीनंतर नेल्सन पिके पोडियमवरच चक्कर येऊन पडला होता. 1984 मध्ये डॅलसच्या भट्टीत नायजेल मॅन्सेल बंद पडलेली गाडी रेषेपर्यंत ढकलत न्यायला गेला आणि वाटेतच कोसळला. 1991 मध्ये ब्राझीलमध्ये गिअरबॉक्स बिघडलेली गाडी जिंकून आणताना आयर्टन सेनाचे स्नायू असे आखडले की त्याला करंडकही नीट उचलता येईना. नव्वदच्या दशकात मायकेल शूमाकरनं व्यायाम हा कामाचा भाग मानला. शर्यत संपल्यावर बाकीचे गळून गेलेले असायचे आणि हा ताजातवाना दिसायचा. तेव्हा कुठं बाकीच्यांनी जिमचा रस्ता धरला.

मग करायचं काय?

पहिली सुरुवात दमापासून. जिममध्ये जाऊन दंड फुगवणं इथं फारसं कामाचं नाही, उलट फुगलेला दंड सीटमध्ये मावत नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा 40 ते 60 मिनिटं धावणं, सायकल किंवा पोहणं, अशा वेगानं की शेजारच्याशी बोलता येईल. हे कंटाळवाणं आहे, पण पाया हाच. पुण्यातल्या लोकांना सिंहगड आहे, पर्वती आहे, त्यासाठी फी लागत नाही. दीड-दोन महिने असा पाया घातला की आठवड्यातून एकदा दम लागेल असे छोटे वेगवान टप्पे घ्यायचे. दमदार माणसाचं हृदय तेवढ्याच कामासाठी कमी धावतं आणि उकाडाही तो जास्त सोसतो. म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

मानेची गोष्ट मात्र जपून. तिथं घाई नडते. सुरुवातीला कपाळावर तळहात ठेवून डोक्यानं हाताला ढकलायचं, डोकं हलू द्यायचं नाही, आठ-दहा सेकंद धरायचं. मग दोन्ही बाजूंनी, मग मागून. पूर्ण ताकद लावायची नाही, निम्म्यानं सुरुवात. काही आठवड्यांनी व्यायामाचा रबर बँड डोक्याला लावून तेच करता येतं. इन्स्टाग्रामवर फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर मानेला वजनं लटकवताना दिसतात. ते बघून थेट दहा किलोची प्लेट बांधू नका. त्यांनी ही मान लहानपणापासून, कार्टिंगच्या दिवसांपासून कमावलेली असते.

इथं महाराष्ट्राकडं एक जुनं भांडवल आहे, तालीम. कुस्तीत मान, पकड आणि कंबर यांवरच सगळं चालतं आणि रेसिंगलाही नेमकं तेच लागतं. दोरखंड चढणं, मुद्गल फिरवणं, जोर-बैठका हे व्यायाम पकड आणि खांद्यांसाठी उत्तमच. योगायोग असा की कोल्हापुरात तालमीही आहेत आणि जवळच मोहिते रेसिंगचा ट्रॅकही, जिथं राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झाल्यात. पहिलवानांचा मानेवर तोल घेऊन पूल करण्याचा व्यायाम मात्र वस्तादाशिवाय करू नये. नवख्याच्या मणक्यावर त्याचा भार वाईट येतो.

पकडीसाठी घरात दोन बादल्या पुरतात. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन गच्चीवर फेऱ्या मारायच्या, खांदे न पाडता. किंवा बारला नुसतं लटकायचं, 20 सेकंदांपासून वाढवत मिनिटापर्यंत. पण ताकदीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पकड सैल सोडायला शिकणं. नवखा ड्रायव्हर सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग जीव मुठीत धरल्यासारखं धरतो. मग दहा मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंत दगड होतो. मोटरसायकल रेसिंगमध्ये तर याचं टोक दिसतं. ब्रेक आणि थ्रॉटलच्या सततच्या ताणानं हाताचे स्नायू फुगतात, पण त्यांच्यावरचं आवरण ताणत नाही, मग बोटं काम करेनाशी होतात. मोटोजीपीतल्या दानी पेद्रोसाला 2015 मध्ये याच कारणासाठी शस्त्रक्रिया करावी लागली आणि काही शर्यती सोडाव्या लागल्या. त्यामुळं प्रत्येक सरळ पट्ट्यावर बोटं जरा ढिली करायची आणि एक खोल श्वास सोडायचा. श्वासाचं सांगायचं कारण म्हणजे बहुतेक लोक वळणावर नकळत श्वास रोखतात. हे कार्टिंगच्या भाड्याच्या फेरीतही सरावात आणता येतं.

पोट आणि कंबरेसाठी प्लँक, त्यातही एका कुशीवरचा. पायांसाठी बैठका आणि एका पायावरचे व्यायाम. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांची कंबर लवचीक असते, तो फायदा छोट्या सीटमध्ये कळतो.

उकाड्याची सवय लावावी लागते

एसी ऑफिस, एसी गाडी, एसी जिम आणि मग एक दिवस थेट चेन्नईचं ऊन. हे शरीराला झेपत नाही. उष्णतेची सवय साधारण दहा दिवस ते दोन आठवड्यांत लागते. या काळात घाम लवकर आणि जास्त सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. त्यासाठी शर्यतीआधीचे दोन आठवडे रोजचा व्यायाम एसीबाहेर, थोडा उकाडा असताना करायचा. आधी 20 मिनिटं, मग वाढवत तासाभरापर्यंत. एकट्यानं, भर दुपारी, जाड कपडे घालून हा प्रयोग करायचा नाही.

शरीराचं दोन टक्के वजन घामातून गेलं की दम आणि लक्ष दोन्ही घसरायला लागतात. 70 किलोच्या माणसात हे जेमतेम 1.4 किलो. सूट घालून दोन सत्रं मारली की एवढा घाम सहज जातो. किती गेला हे कळायला साधा वजनकाटा पुरतो. सत्राआधी आणि नंतर वजन करायचं, फरक म्हणजे गेलेलं पाणी. ते हळूहळू भरून काढायचं, आणि नुसत्या पाण्यानं नाही, मीठ-साखर घातलेल्या लिंबू सरबतानं किंवा ओआरएसनं. लिटरवर लिटर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही धोक्याचं. बीपीमुळं मीठ कमी असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. एनर्जी ड्रिंकचा डबा मात्र स्टिकरपुरता ठेवावा. नाडी आधीच 160 वर असताना वरून कॅफिनचा मारा कशाला?

कतारच्या त्या रात्रीनंतर नियमही बदलले. 2025 पासून फॉर्म्युला वनमध्ये उष्णता आणि दमटपणा मिळून होणारा निर्देशांक 31 अंशांच्या वर जाईल असा अंदाज असेल, तर गाडीत चालकाला थंड ठेवणारी यंत्रणा बसवावी लागते. 31 अंश ऐकून मुंबईकरांना हसू येईल. पण हौशी रेसरच्या गाडीत अशी यंत्रणा नसते. त्याच्याकडं सावली, ओला टॉवेल, बर्फाची पिशवी आणि ग्रिडवर जाईपर्यंत सूटची चेन उघडी ठेवणं एवढेच उपाय असतात. तेही बऱ्यापैकी काम करतात.

वजन उतरवण्याच्या नादात...

हलका ड्रायव्हर वेगवान, हे खरं. म्हणून शर्यतीच्या आठवड्यात उपाशी राहण्याची खोड अनेकांना असते. फॉर्म्युला वनमध्येही उंच ड्रायव्हर यापायी स्वतःला वाळवून घेत होते. शेवटी 2019 मध्ये ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान 80 किलो वजन हवं असा नियम आला, आणि कमी भरलं तर गाडीत शिसं टाकून भरपाई. आपल्याकडच्या कार्टिंग आणि फॉर्म्युला गटांतही सहसा ड्रायव्हरसह किमान वजन ठरलेलं असतं. म्हणजे त्या मर्यादेखाली उतरून मिळतं काय, तर शिसं. आधी आपल्या गटाचा नियम वाचावा. जास्तीचं वजन असेल तर ते तीन-चार महिन्यांत जेवण सुधारून उतरवावं. आदल्या दिवशी पाणी तोडून उतरवलेला किलो चक्कर होऊन परत येतो.

शर्यतीच्या दिवशी तीन तास आधी पोटभर पण साधं जेवण. इडली, पोहे, दही-भात असं काहीही चालेल. बिर्याणी संध्याकाळी. तासभर आधी एखादं केळं. आदल्या रात्रीची झोप पूर्ण हवी, आणि उत्साहानं ती येत नाही हे गृहीत धरून त्याच्या आदल्या रात्रीचीही.

कधी थांबायचं?

गाडीत असताना उकाड्यातही अंगावर काटा आला, थंडी वाजली, घाम अचानक थांबला किंवा आत्ता कितवा लॅप चाललाय ते आठवेना, तर हात वर करून पिटमध्ये यायचं. हेल्मेट आणि सूट काढून सावलीत बसायचं, अंगावर पाणी घ्यायचं आणि ट्रॅकवरच्या डॉक्टरांना बोलवायचं. सार्जंटनं तेच केलं होतं. त्याच्या टीमनंही रेडिओवरून त्याला सांगितलं होतं की थांबण्यात कमीपणा काही नाही.

शर्यतीनंतर दोन दिवस मान आणि हात दुखणं नेहमीचं. पण हाताला मुंग्या येणं, बोटं बधिर होणं, श्वास घेताना बरगडीत टोचणं किंवा धडकेनंतर डोकेदुखी न थांबणं याला 'रेसिंगची कसर' समजून बाम चोळत बसू नये. पुढचं ट्रॅक सेशन बुक केलेलं असलं तरी आधी डॉक्टरांना दाखवावं.